सर्व्हर रूममधला गारवा

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली, तेव्हा मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत कायम झालो होतो. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचं ते मशीन. त्यावर इतकी वर्षं काम केलं होतं, की डोळे मिटूनही करता येईल असं मला वाटायचं. त्या दिवशी नेमकं काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. पत्रा तिरका बसला, तो सरळ करायला मी हात घातला, एवढंच आठवतं. अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही मुळापासून गेली.

कंपनीनं मला काढलं नाही. जखम भरल्यावर हलकं काम दिलं. गेटवरच्या खोलीत बसायचं आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रकचा नंबर, माल कुठून आला, कुठल्या विभागाला चालला, हे कॉम्प्युटरवर भरायचं. प्रेसच्या धडधडीत सगळा जन्म गेलेल्या माणसाला गेटवरची शांतता सोसत नाही. पहिले काही दिवस मी नुसता रस्त्याकडं बघत बसायचो.

कंपनी उभी आहे ती सगळी जागा पूर्वी गायरान होती. आमची घरची मेंढरं. लहानपणी मी आबांच्या मागं, म्हणजे वडिलांच्या मागं, त्याच माळावरून फिरलोय. गेटच्या खोलीच्या जागी तेव्हा एक बाभूळ होती, तिच्याखाली आम्ही भाकरी खायचो. माळ सरकारनं घेतला तेव्हा शेतवाल्यांना मोबदला मिळाला. आमच्या नावावर सातबारा नव्हताच, त्यामुळं आम्हाला कुणी विचारायचा प्रश्नही नव्हता. कुंपणं पडत गेली तशी आबा मेंढरं घेऊन लांब लांब जायला लागले. आई तोवर गेली होती. मी आयटीआय केलं, कंपनीत लागलो, लग्न झालं, आणि मुलगी शाळेत जाण्याजोगी झाली तेव्हा शहरात, उस्मानपुऱ्यात, एक खोली भाड्यानं घेतली. आबा गावीच राहिले.

मी गेटवर बसायला लागलो तीच वर्षं पाऊस नसल्याची. एक वर्ष कोरडं गेलं, दुसरंही तसंच गेलं. आबा मेंढरं घेऊन पैठणकडं गेले होते. धरणाचं पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या गाळावर थोडं हिरवं उगवतं, त्याच्या आशेनं बरेच कळप तिकडं उतरले होते. महिन्या दोन महिन्यांनी कुणाच्या तरी फोनवरून आबांचा निरोप यायचा. बोलणं ठरलेलं असायचं.

"पाणी हाय का तुमच्याकडं?"

"येतंय आबा, आठवड्यातून एकदा."

"बरं."

एकदा गेटवरचा कॉम्प्युटर बंद पडला. आतून सिस्टीमवाले सर आले. कंपनीतले सगळे कॉम्प्युटर आणि सर्व्हर त्यांच्याकडं असायचे. शहरातल्या जुन्या मोहल्ल्यातले, पन्नाशीचे, जाड चष्मा, कमरेला पट्टा. त्यांना खाली वाकता येत नव्हतं, म्हणून टेबलाखाली मी शिरलो आणि ते सांगतील तशा वायरी काढून लावल्या. काम झाल्यावर म्हणाले, "भाऊ, थोडी फुरसत है क्या? आत एक वायर ओढायचीय."

तेव्हा मी पहिल्यांदा सर्व्हर रूममध्ये गेलो. चप्पल बाहेर काढायची, काचेचं दार लगेच लावून घ्यायचं. आत उंच काळ्या कपाटांत पेट्या रचलेल्या, त्यांच्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते, आणि एकसारखी घरघर चालली होती. बाहेर एप्रिल होता. माझा घामानं भिजलेला शर्ट तिथं अंगावरच गार पडला.

खोलीच्या मागच्या भिंतीतून एसीचं पाणी एका नळीतून खाली ठिबकायचं. तिथं कुणीतरी कॅन लावून ठेवला होता. कॅन्टीनमधल्या बायका तो कॅन पाळीनं न्यायच्या, भांडी विसळायला. मी वायर ओढून बाहेर आलो तेव्हा दोघींची त्यावरून बोलाचाली चालली होती.

मला ते बघवलं नाही. मी सरांना म्हणालो, "माणसांना प्यायला नाही, आणि या पेट्यांना चोवीस तास गार हवा."

ते चिडले नाहीत. म्हणाले, "ये गरम हो गए तो कंपनी बंद, भाऊ. तुमचा पगार, माझा पगार, सगळं ह्याच्यातच आहे."

त्यानंतर मी अधूनमधून त्यांच्या मदतीला जाऊ लागलो. ते काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी टाइप करायचे आणि कुठल्यातरी विभागात अडलेलं काम सुरू व्हायचं. माऊसला हात लावायचे नाहीत. मी विचारलं, हे कुठं शिकलात. म्हणाले, "इसका इम्तिहान होता है. सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट. घरी बसून इंटरनेटवर शिकता येतं. कॉलेज नक्को, डिग्री नक्को."

"माझं इंग्रजी कच्चं आहे सर."

"मेरा तो था ही नहीं."

मी माझा उजवा हात टेबलावरून खाली घेतला. त्यांनी ते पाहिलं असणार. त्यांनी एका कागदावर कोर्सचं नाव लिहून दिलं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती बारावी शास्त्र शिकलेली, गल्लीतल्या लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायची. तिनं कागद वाचला, मोबाइलवर कोर्स शोधला, बराच वेळ वर-खाली बघत राहिली. मग म्हणाली, "शिका की. गेटवर म्हातारं होण्यापेक्षा बरं."

जुना लॅपटॉप घेतला. माझी पहिली पाळी असायची. दुपारी कंपनीची बस क्रांती चौकात सोडायची, तिथून चालत घरी. हातपाय धुवायला पाणी मोजकंच असायचं, ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं आणि बसायचं. व्हिडिओत शिकवणारा माणूस हिंदीत बोलायचा, मधेच इंग्रजीत जायचा. बायको शेजारी भाजी निवडत ऐकायची. एखादा शब्द अडला की व्हिडिओ थांबवून शब्दकोशात बघायची आणि मला सांगायची. पुढं पुढं तिला काही गोष्टी माझ्याआधी कळायला लागल्या.

शिकायचं ते असं होतं: सर्व्हर म्हणजे पुष्कळ लोकांनी एकाच वेळी वापरायचं मोठं मशीन. त्याची राखण करणाऱ्यानं ठरवायचं, कुणाला आत घ्यायचं, कुणाला कुठली फाइल वाचता यावी, कुणाला लिहिता यावी. जागा भरत आली की वाढवायची. रोजची नक्कल काढून ठेवायची. बंद पडलं तर उठवायचं. हे सगळं हुकूम टाइप करून. हुकूम छोटे असतात, दोन-तीन अक्षरांचे, पण एक टिंब किंवा एक मोकळी जागा चुकली की मशीन ऐकत नाही, किंवा भलतंच ऐकतं.

टाइप करणं हाच माझा मोठा अडसर होता. बोट नाही हे मला माहीत होतं, पण मेंदू काही ते मान्य करत नव्हता. मी अक्षर दाबलंय असं वाटायचं, पडद्यावर ते उमटलेलं नसायचं. बोटांच्या जागी कळ उठायची, तीही नसलेल्या बोटाच्या टोकाला. बायकोनं मुलीच्या चित्रकलेच्या रंगानं कीबोर्डवर खुणा केल्या: कुठली बटणं डाव्या हातानं, कुठली उजव्या करंगळीनं. मी पहिलीतल्या मुलासारखा त्या खुणा गिरवायचो. पावसाळ्यात सुरुवात केली होती. पाऊस काही आलाच नाही, आणि दिवाळीच्या सुमारास माझे हात एका लयीत चालायला लागले.

एकदा एका हुकुमात नको तिथं एक जागा सुटली आणि सरावासाठी उभं केलेलं सगळं मशीन पुसलं गेलं. त्यातल्या फाइली, त्यातले सराव, सगळं. मी बाहेर जिन्यावर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, तर ते पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. "खरंखुरं असतं तर नोकरी गेली असती. आता आयुष्यात पुन्हा करणार नाही." ते खरंच झालं.

त्याच हिवाळ्यात आबा आले. एसटीनं आले होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि मागं काहीच नव्हतं. मी त्यांना मेंढरांशिवाय असं क्वचितच पाहिलं होतं.

"मेंढरं कुणाकडं ठेवली आबा?"

"इकली."

"समदी?"

"समदी. व्यापारी गाडी घिऊन तितंच आलता, गाळात. उभं राहाया ताकद नव्हती त्यांच्यात. पाय धरून चढवली." घोंगडी खाली ठेवत म्हणाले, "चहा टाक पोरी, पाणी असलं तर."

आमच्या त्या एका खोलीत आबा राहू लागले. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पहाटे उठून रेल्वे स्टेशनच्या बाजूला चालत जायचे, ऊन तापलं की परत यायचे. दिवसभर उंबऱ्याशी बसून खाली रस्त्यावरच्या गाड्या बघायचे. जिकडं तिकडं नवीन इमारतींची कामं चालू होती. बांधकामाला टँकर यायचे, आमच्या गल्लीत मात्र टँकर कधी येईल याचा भरवसा नसायचा. आबांना त्याचा राग यायचा की नाही, कळायला मार्ग नव्हता. ते नुसते बघायचे.

मी अभ्यासाला बसलो की कधीकधी मागं येऊन उभे राहायचे.

"दिसभर त्या काळ्या पाटीकडं बघतूस. काय हाय तिच्यात?"

"एक मशीन हाय आबा. दुसरीकडंच कुठं तरी हाय. ते हितून कसं राखायचं ते शिकतोय."

"दुसरीकडं म्हंजी कुठं?"

"ते मलाबी माहीत नाय."

"आन ते बिघडलं तर तुला कसं कळंल?"

"तेच सांगतं. पोट भरलं, ताप आला, कुणी भलताच आत शिरला, समदं लिहून सांगतं."

"बरं हाय मंग," म्हणाले आणि पुन्हा उंबऱ्याशी जाऊन बसले. मेंढरू सांगत नाही, असं काही ते बोलले नाहीत, पण त्यांच्या पाठीकडं बघताना मला तसं वाटलं.

परीक्षा मी उन्हाळ्याच्या सुरुवातीला लावली. ती घरूनच देता यायची. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून परीक्षक सगळा वेळ बघत असतो. खोलीत दुसरं कुणी असता कामा नये, आवाज होता कामा नये, खुर्चीवरून उठायचं नाही. प्रश्नपत्रिका अशी नसतेच. एक मशीन ताब्यात देतात आणि कामं सांगतात. शेवटी ते मशीन बंद करून पुन्हा चालू करतात, आणि त्यानंतर जे टिकून राहील त्यालाच गुण.

आदल्या दिवशी आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, घड्याळ काढलं, फळीवरच्या डब्यांवर चादर टाकली. आबांनी विचारलं, "पाव्हणं येणार हायेत का कुणी?" बायकोनं त्यांना समजावून सांगितलं की उद्या ह्यांचा मोठा पेपर आहे, मधे कुणी आत जायचं नाही. खोलीत कुणी नाही, हे इंग्रजीत कसं सांगायचं, ते तिनं माझ्याकडून घोकून घेतलं होतं. परीक्षेच्या दिवशी मुलीला तिनं शेजारी पाठवलं आणि ती नि आबा बाहेर जिन्यात बसले. मी आतून कडी लावली.

परीक्षक बाई होती, आवाज तरुण. लॅपटॉप फिरवायला लावून तिनं चारी भिंती बघितल्या, टेबलाखाली बघितलं. मग म्हणाली, दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरा. मी धरले. मग तिनं हात उलटे करून दाखवायला सांगितले, आभार मानले, आणि परीक्षा सुरू झाली.

माझं काम चांगलं चाललं होतं. हे मी आज बढाई म्हणून सांगत नाही. सुरुवातीची कामं मला ओळखीची होती, हात शांत होते. अर्ध्याच्या पुढं गेलो असेन, तेव्हा खाली गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. त्या दिवशी टँकर यायचा नव्हता. घागरी-ड्रमांचा आवाज, पळणारी पावलं, मोटर सुरू झाल्याचा आवाज. एरवी टँकरवर मी जायचो. मी पडद्यावरची नजर हलवली नाही.

पुढचं मला नंतर बायकोकडून कळलं. ती घागरी घेऊन निघाली तशी आबा उठले. म्हणाले, "तू दाराशी ऱ्हा. त्याला उठवाया कुणी येऊ दिऊ नको. पाणी मी आणतो." तिनं नको म्हटलं, पण ते दोन घागरी घेऊन उतरले होते. टँकरभोवती चिखल झाला होता. पाइप ओढताना लोकांचा लोंढा एका बाजूला आला आणि आबा त्याच्याखाली सापडले.

मला ऐकू आली ती दारावरची थाप, आणि मग तिचा आवाज. "अहो, उठा. मामा पडलेत. उठता येईना त्यांना."

पडद्यावर परीक्षकाची सूचना आली, आवाज येतोय, जागेवरच बसा. मी ती वाचली, अर्थही कळला. उठलो तर पुन्हा बसता येणार नाही हेही माहीत होतं. मी उठलो आणि कडी काढली.

आबा टँकरच्या चाकाशेजारी चिखलात आडवे होते. कुणीतरी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती. एका बाईनं आपल्या घागरीतलं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं होतं. त्या उन्हाळ्यात ती लहानसहान गोष्ट नव्हती. मी खाली बसलो तसे ते म्हणाले, "पेपर झाला?"

"झाला आबा."

"मंग ठीक."

खुब्याचं हाड मोडलं होतं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, वय आहे, वॉकर धरून घरातल्या घरात चालतील, त्यापुढं सांगता येत नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी कपडे न्यायला मी घरी आलो, तेव्हा लॅपटॉप तसाच उघडा होता. पडद्यावर एकच ओळ होती, नियमभंगामुळं परीक्षा संपवण्यात आली आहे. मी लॅपटॉप मिटला, फळीवरची चादर काढून घडी केली, कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं.

त्यानंतर बरेच दिवस मी अभ्यासाला हात लावला नाही. पाळी करायची, घरी यायचं, आबांना उठवायचं, धुवायचं, वॉकर धरून दारापर्यंत न्यायचं. जन्मभर चाललेला माणूस. पैठणपर्यंत, कधी नगर जिल्ह्यातसुद्धा तो मेंढरांमागं पायी गेलेला, आणि आता दारापर्यंत जाऊन दमायचा. दम लागला की वॉकरवर कपाळ टेकून उभा राहायचा. मी मागं उभा राहायचो, पडू नये म्हणून.

पुन्हा सुरुवात बायकोनं केली. मी पाळीवरून आलो तर लॅपटॉप आबांच्या कॉटशेजारी स्टुलावर मांडलेला, व्हिडिओ चालू. ती म्हणाली, "मामांना ऐकायचंय म्हणे." आबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. त्यांना ऐकायचं होतं की नाही, देव जाणे. मी बसलो.

त्याच दिवसांत कंपनीत ठरलं की आपले सर्व्हर ठेवायचेच नाहीत. सगळं काम भाड्याच्या मशीनांवर हलवायचं, ती मशीनं दूर कुठल्यातरी शहरात. पेट्या उचलून गाडीत भरायला मला बोलावलं. सिस्टीमवाले सर बाजूला उभे राहून वायरी गुंडाळत होते. शेवटची पेटी गेली, त्यांनी एसी बंद केला, आणि ती खोली लगेच तापायला लागली. मागं कॅन्टीनची एक बाई कॅन घेऊन आली होती. नळीतून थोडा वेळ थेंब आले, मग थांबले. ती आणखी थोडी थांबली आणि गेली.

सरांना दुसरं काम देऊ केलं होतं, त्यांनी घेतलं नाही. जाताना मला म्हणाले, "तू सोडू नक्को. मशीन कुठंही गेलं तरी सांभाळायला माणूस लागतोच." हे त्यांनी स्वतःच्या बाबतीत का धरलं नाही, असं विचारायचं माझ्या मनात आलं होतं. विचारलं नाही. त्यांची कंबर फार दुखायची, तेही एक कारण असेल.

दुसऱ्या वेळी मी घरून परीक्षा दिली नाही. पुण्याला एका केंद्रात जागा घेतली. निघायच्या सकाळी आबा कॉटवर बसून होते.

"पुन्ना कामून चाललास? झालता ना पेपर?"

"हा वरचा हाय आबा. त्याच्या पुढचा."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "माझ्यामुळं राह्यला व्हय रं तो?"

"नाय आबा. तसं काय नाय."

त्यांनी उशीखालून अंगाऱ्याची पुडी काढली, माझ्या कपाळाला बोट लावलं आणि उजवा हात हातात घेऊन तिथंही लावलं, बोटं तुटली होती त्या जागी. एवढ्या वर्षांत त्या जागेला त्यांनी पहिल्यांदा हात लावला.

बसमध्ये असताना सरांचा फोन आला. "झाल्यावर एकदा मशीन स्वतः बंद करून चालू कर. बाकी काही सांगायचं नाही." केंद्रात माझ्याबरोबर सगळी कॉलेजची पोरं होती, त्यांची बोटं कीबोर्डवर पाऊस पडल्यासारखी वाजत होती. एक काम असं होतं की मशीनचा मुख्य पासवर्डच हरवलेला, आत शिरायला वाट नाही. ते मशीन सुरू होतानाच मधे थांबवून आत जायचं आणि नवा पासवर्ड घालायचा. दोनदा माझं अक्षर सुटलं, तिसऱ्यांदा आत गेलो. शेवटी सगळं झाल्यावर मी मशीन बंद केलं. पुन्हा चालू होईपर्यंत पडदा काळा होता. तेवढ्या वेळात मी कशाचाही विचार करू शकलो नाही. मग ते उठलं. जे जे केलं होतं ते जागेवर होतं.

निकाल दुसऱ्या दिवशी ईमेलवर आला. बायकोनं वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. तिला रडू आलं होतं, म्हणून ती मोरीत जाऊन भांडी घासायला लागली. मी आबांना सांगितलं.

"मंग आता गेटवर नाय बसायचं?"

"नाय बसायचं."

"बरं झालं," म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "त्या बाभळीखाली लई ऊन लागायचं बघ, दुपारचं." त्यांच्या मनात गेट कुठं होतं आणि बाभूळ कुठं, ते मला कळलं.

नोकरी लगेच मिळाली नाही. काही ठिकाणी वय विचारलं, काही ठिकाणी डिग्री. एका ठिकाणी मुलाखत घेणारा माझ्या हाताकडं इतका वेळ बघत राहिला, की मीच त्याला म्हणालो, एक मशीन द्या, काय करायचं ते सांगा. त्यानं दिलं. दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळणारी ती एक छोटी फर्म आहे, आमच्या खोलीपासून चालत जाण्याजोगी. अजूनही मी तिथंच आहे. काही दिवस ऑफिसात, काही दिवस घरून. आता बायकोनंही तीच परीक्षा दिली आहे. तिला माझ्यापेक्षा चांगले गुण मिळाले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. फार नाही, पण नाल्यांना पाणी आलं, माळावर गवत आलं. आबांची तब्येत तोवर उतरत चालली होती. जेवण सुटत चाललं होतं. श्रावणात एके दिवशी म्हणाले, "एकदा तिकडं घिऊन चल." तिकडं म्हणजे कुठं, हे मी विचारलं नाही. शेंद्र्याच्या पलीकडं माझ्या चुलतभावाची अजून थोडी मेंढरं होती. त्याला फोन केला, गल्लीतल्या एकाची रिक्षा घेतली, मागं उशा लावून आबांना बसवलं.

रस्ता रुंद झाला होता. दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती, मोकळ्या प्लॉटांना तारेची कुंपणं. आबा सगळं बघत होते. चुलतभाऊ कळप घेऊन बाजूच्या कच्च्या रस्त्यावर थांबला होता. आबांना खाली उतरायचं होतं. आम्ही दोघांनी धरून प्रयत्न केला, पाय टेकताच वेदनेनं त्यांचं तोंड पांढरं पडलं. पुन्हा आत बसवलं. मग चुलतभावानं कळपच रिक्षाकडं हाकला. मेंढरं दोन्ही बाजूंनी रिक्षाला घासत पुढं निघाली. आबांनी दारातून हात बाहेर काढला होता. एकेक पाठ त्यांच्या तळव्याखालून जात राहिली. ही त्यांची मेंढरं नव्हती, एकही ओळखीचं नव्हतं. शेवटचं कोकरू जाईपर्यंत त्यांनी हात आत घेतला नाही.

"ओली हायेत," म्हणाले. "पाऊस लागलाय त्यांना."

मग मला म्हणाले, "चल. तुझं काम असंल."

आबा त्या दिवाळीच्या आधी गेले. सकाळची वेळ होती, मी त्यांच्या कॉटशेजारीच कामाला बसलो होतो. कुठल्यातरी लांबच्या दवाखान्याचं मशीन अडलं होतं आणि मी ते उठवत होतो. बायको चहा घेऊन आली आणि कॉटपाशी थांबली. तिच्या थांबण्यावरूनच मला कळलं.